डोळ्यात इंजेक्शन: कुणाला देतात, कुणाला नाही, आणि बंद कधी करतात

"पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," असं रेटिनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं पहिलं वाक्य असतं, "डोळ्यात? सुई?" ती भीती एका इंजेक्शनात जाते. थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई केसासारखी बारीक असते आणि काम काही सेकंदांत आटोपतं. खरे अवघड प्रश्न पुढे येतात. बरोबरच्या पेशंटला इंजेक्शन दिलं, आपल्या आईला का नाही म्हणाले? किती दिवस घ्यायची? आणि वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, "आता थांबवू या," तर आजार बरा झाला असं समजायचं, की डॉक्टरांनी हात टेकले?

हे इंजेक्शन काय करू शकतं आणि काय नाही, एवढं नीट कळलं की यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सापडतात.

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, बसची पाटी ओळखणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव कळणं ही सगळी कामं त्याची. तो बिघडला तर माणूस घरात अडखळत नाही, कारण कडेची नजर शाबूत असते, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट होतं. दाराची चौकट वाकडी दिसते, ओळीतली मधली अक्षरं गायब होतात. एक डोळा चांगला असेल तर दुसऱ्यातला बिघाड कित्येक महिने लक्षातही येत नाही.

मॅक्युलाच्या काही आजारांत पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, तर काहींत आहेत त्याच रक्तवाहिन्या पाझरू लागतात. दोन्हीकडे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जबाबदार असतं. नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ साली ते वेगळं काढून ओळखलं, आणि त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी छोटा डोस थेट डोळ्यात दिला. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं. त्याची मरिना नावाची मोठी चाचणी या आजाराच्या इतिहासातला टप्पा आहे. वर्षअखेर औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकली, म्हणजे तक्त्यावरची १५ अक्षरं त्यांनी गमावली नाहीत. औषधाऐवजी नुसतं खोटं इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. आणि औषध घेणाऱ्यांतल्या, डोसानुसार, साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश लोकांची नजर १५ अक्षरांनी, म्हणजे तक्त्यावर तीन ओळींनी, सुधारली. त्याआधीचे लेझरसारखे उपाय बहुतेकांच्या बाबतीत घसरण फक्त लांबवत असत. इथे पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसांना गेलेली अक्षरं परत दिसू लागली.

पण औषधाची मर्यादाही याच ठिकाणी कळते. पावसाळ्यात भिंतीत ओल उतरते तेव्हा गळती बंद केली की भिंत वाळते, पण गळून पडलेलं प्लास्टर आपोआप परत चिकटत नाही. इंजेक्शन गळती थांबवतं आणि सूज उतरवतं. पडद्याच्या मेलेल्या पेशी ते जिवंत करत नाही आणि जुना व्रण पुसत नाही. म्हणून इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर मुळात दोन गोष्टी शोधतात: गळती आत्ता चालू आहे का, आणि तिच्यापासून वाचवण्यासारखा पडदा शिल्लक आहे का. "किती कमी दिसतं" हा प्रश्न त्यानंतरचा.

वाढत्या वयात होणारा मॅक्युलाचा ऱ्हास दोन प्रकारचा असतो, कोरडा आणि ओला, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बहुसंख्य लोकांना कोरडा प्रकार असतो. त्यात गळतीच नसते, म्हणून हे इंजेक्शन देऊन उपयोग नाही. डॉक्टर पैशासाठी किंवा वयाकडे बघून नाही म्हणत नसतात. मधल्या टप्प्यातल्या कोरड्या आजारात ल्युटिन, झिअ‍ॅक्झँथिन, जस्त, तांबं, क आणि ई जीवनसत्त्व यांचा ठरावीक मात्रेतला डोस पुढची पायरी लांबवतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. सिगारेट-विडी सोडणं तेवढंच महत्त्वाचं. कोरड्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत दोन वेगळी इंजेक्शनं मंजूर झाली, पण ती झीज थोडी मंदावतात, नजर सुधारत नाहीत. कोरड्याचा ओला मात्र कधीही होऊ शकतो, आणि तसं झालं तर दिवस मोजूनच धावपळ करावी लागते.

ओल्या प्रकाराशिवाय ही इंजेक्शनं मधुमेहामुळे मॅक्युलाला आलेल्या सुजेत, पडद्याची शीर तुंबल्यावर येणाऱ्या सुजेत आणि खूप मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत फुटणाऱ्या नव्या वाहिन्यांसाठीही देतात. आपल्याकडे यात मधुमेहाचा वाटा फार मोठा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

गळती चालू आहे का, हे ओसीटी स्कॅनवर दिसतं. त्यात पडद्याचा उभा छेद दिसतो आणि पाणी कुठल्या थरात साठलंय ते कळतं. हातात पिवळा रंग टोचून काढलेली अँजिओग्राफी गळतीची नेमकी जागा दाखवते. नंतर लघवी दिवसभर पिवळी होते, त्याला घाबरू नये.

पात्रतेचे नियम कागदावर सगळ्यात स्पष्ट लिहिलेले आहेत ते ब्रिटनमध्ये, कारण तिथे खर्च सरकारी आरोग्य सेवा करते आणि नाइस ही संस्था कुठलं औषध कुणाला द्यायचं ते ठरवते. त्या नियमांचा इतिहास मला आजही अस्वस्थ करतो. २००७ च्या पहिल्या मसुद्यात रॅनिबिझुमॅब फक्त एका विशिष्ट प्रकारच्या गळतीला आणि तेही दोन डोळ्यांपैकी चांगल्या डोळ्यालाच द्यावं असं होतं. म्हणजे पहिला डोळा जाईपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्याला आजाराने गाठलं की उपचार सुरू करायचे. रुग्णांनी आणि डॉक्टरांनी मोठा विरोध केला. ऑगस्ट २००८ च्या अंतिम नियमात ती अट गेली. पहिल्या १४ इंजेक्शनांचा खर्च सरकारी सेवेने करायचा आणि त्यापुढची कंपनीने पुरवायची, अशी तडजोड झाली.

त्या नियमात उरलेल्या अटी अशा होत्या. चष्म्यासह नजर ६/१२ ते ६/९६ या दरम्यान हवी. (निरोगी डोळ्याला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता येतं त्यासाठी आपल्याला ६ मीटरपर्यंत यावं लागणं, म्हणजे ६/१२.) मॅक्युलाच्या अगदी केंद्रात कायमचं नुकसान झालेलं नको. बिघडलेला भाग डोळ्याच्या नसेच्या चकतीच्या बारा पटींहून मोठा नको. आणि आजार अलीकडे वाढतोय याचा पुरावा हवा, मग तो घटलेल्या नजरेचा असो वा स्कॅनचा.

यातली ६/१२ ची अट सामान्य माणसाला उलटी वाटते, आणि तसं वाटणं चूक नाही. नजर अजून चांगली आहे म्हणून थांबायचं? ओल्या प्रकारात शेवटी किती नजर उरेल हे बऱ्याच अंशी सुरुवातीला किती होती यावर ठरतं. चांगली असताना सुरू केलं तर चांगली टिकते. नाइसच्याच २०१८ च्या मार्गदर्शनात मान्य केलंय की ६/१२ पेक्षा चांगल्या डोळ्यांतही हे औषध काम करतं, प्रश्न फक्त खर्चाच्या हिशोबाचा आहे. आणि ६/९६ किंवा त्याहून खराब डोळ्यालाही, एकूण बघण्यात फायदा होणार असेल तर, उदाहरणार्थ तोच दोघांतला बरा डोळा असेल तर, उपचाराचा विचार करावा असं त्यात म्हटलंय. माझं मत विचाराल तर ओल्या प्रकारात निदान झाल्यावर "पुढच्या महिन्यात बघू" याला जागा नाही.

मधुमेहाच्या सुजेत मात्र उलटी गोष्ट खरी आहे. तिथे थांबणं योग्य असू शकतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मॅक्युलाच्या मध्यावर सूज असूनही ज्यांची नजर जवळजवळ पूर्ण होती अशा लोकांचे तीन गट केले: काहींना लगेच इंजेक्शन, काहींना लेझर, काहींवर फक्त लक्ष. नजर घसरली तर नंतरच्या दोन गटांनाही इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांची नजर सारखीच निघाली. लक्ष ठेवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच इंजेक्शन लागलं. तेव्हा मधुमेही माणसाला डॉक्टर म्हणाले, "सूज आहे, पण तुम्हाला छान दिसतंय, साखर आणि बीपी आवरा, तीन महिन्यांनी या," तर तो हलगर्जीपणा नसतो. अट एकच, ती तीन महिन्यांची तारीख पाळली पाहिजे.

ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या सुजेसाठी आणखी एक आकडा आहे: पडद्याची मधली जाडी निदान ४०० मायक्रॉन हवी. तिकडच्या नातेवाइकांना ३८० भरलं म्हणून इंजेक्शन मिळालं नाही असं ऐकलं तर ध्यानात घ्यावं, की ३९९ आणि ४०१ यांच्यात डोळ्याला काही फरक पडत नाही. औषधाची किंमत आणि होणारा फायदा यांचा मेळ तिथे बसला, म्हणून ती रेघ तिथे ओढली आहे.

भारतात असा एकच सर्वांना लागू नियम नाही. डॉक्टर स्कॅन बघून ठरवतात आणि मग घरचे खिसा बघून ठरवतात. म्हणूनच औषधांतला फरक माहीत हवा. कर्करोगासाठीचं बेव्हासिझुमॅब, जे बहुतेक लोक एव्हास्टिन या नावाने ओळखतात, ते छोट्या डोसांत वाटून देता येतं आणि सगळ्यात स्वस्त पडतं. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेल्या चाचणीत ते ओल्या प्रकारात महागड्या रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचं ठरलं, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यांच्या आजारासाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. स्वस्त म्हणून ते दुय्यम आहे असं समजू नये. मात्र एका कुपीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकपणा काटेकोर लागतो, त्यामुळे ते कुठे आणि कसं भरलं जातं हे विचारायला संकोच नको. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्तीही २०१५ पासून मिळते. मधुमेहाच्या सुजेत नजर बरीच घसरलेली असेल तर अफ्लिबरसेप्ट पहिल्या वर्षी अधिक चांगलं काम करतं. फॅरिसिमॅबसारखी नवी औषधं अनेकांच्या बाबतीत दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवू शकतात.

विम्याचं एक लक्षात ठेवा. या इंजेक्शनांसाठी रात्रभर भरती लागत नाही, म्हणून पूर्वी दावे सर्रास फेटाळले जात. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली तिच्यात डोळ्याच्या आत देण्याच्या इंजेक्शनांचा समावेश आहे. कंपनी रकमेवर मर्यादा घालू शकते, पण पॉलिसीत ती मर्यादा नेमकी किती, हे पहिल्या इंजेक्शनाआधी विचारून घ्यावं.

आजार पात्र असला तरी त्या दिवशी माणूस पात्र नसतो, असंही होतं. डोळ्यात किंवा पापणीला जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करतात. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असेल, गर्भ असेल, तर डॉक्टर जोखीम तोलतात. म्हणून हे सगळं त्यांना न विचारता सांगायचं. रक्त पातळ करण्याची गोळी मात्र सहसा बंद करावी लागत नाही, स्वतःच्या मनाने तर नकोच.

आता थांबवण्याकडे वळू. ओल्या प्रकारात सुरुवातीला साधारणपणे महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं देतात. पडदा कोरडा झाला, म्हणजे त्यातलं पाणी उतरलं, की अंतर दोन-दोन किंवा चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतात, पुन्हा पाणी दिसलं की कमी करतात. म्हणजे पडदा कोरडा असतानाही त्या दिवशी इंजेक्शन देतात. "स्कॅन चांगला आला, तरी का टोचलं?" या प्रश्नाचं उत्तर हेच, की स्कॅन चांगला आला तो मागच्या इंजेक्शनामुळे. बारा किंवा सोळा आठवड्यांच्या अंतरावर डोळा लागोपाठ काही वेळा कोरडा राहिला, तर डॉक्टर औषध थांबवून फक्त तपासणी ठेवू शकतात. हा विराम आहे. आजार झोपलाय, गेलेला नाही, आणि अनेकांत तो परत उठतो. विराम घेतलेल्या माणसाने तपासण्याही सोडल्या, तर विराम घेण्यात काही अर्थ उरत नाही.

मधुमेहाच्या सुजेत चित्र बरंच दिलासा देणारं आहे. पहिल्या वर्षी आठ-नऊ इंजेक्शनं लागली तरी दुसऱ्या वर्षी ती दोन-तीनवर येतात आणि पुढे आणखी कमी होतात, असं पाच वर्षांच्या अभ्यासात दिसलं आहे. तिथे सुरुवातीच्या सहा महिन्यांनंतर, लागोपाठच्या दोन इंजेक्शनांनी सुधारणाही नाही आणि बिघाडही नाही असं दिसलं की औषध थांबवून बघतात. नजर किंवा सूज बिघडली तर पुन्हा सुरू करतात. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचं काम तर बरेचदा मोजक्या इंजेक्शनांत भागतं.

पडदा ठणठणीत कोरडा होईपर्यंत टोचत राहायलाच हवं असंही नाही. ओल्या प्रकारातल्या लोकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पडद्याखालचं थोडं पाणी तसंच राहू दिलं, तरी दोन वर्षांनी नजरेत फरक पडला नाही. पडद्याच्या आतलं पाणी मात्र खपवून घेत नाहीत. म्हणून "अजून पाणी आहे, मग अंतर का वाढवलं?" असं वाटलं तर पाणी कुठल्या थरात आहे ते विचारा.

कधी फक्त एखादा डोस टाळतात: डोळ्याचा दाब ३० च्या वर गेला, पडद्याला चीर पडली, केंद्राखाली मोठा रक्तस्राव झाला, किंवा मागच्या-पुढच्या चार आठवड्यांत डोळ्याचं ऑपरेशन असेल तर. हे तात्पुरतं आहे.

सगळ्यात कठीण थांबणं म्हणजे फायदा संपल्यावरचं. उपचार चालू असूनही नजर सतत आणि खूप घसरत गेली, किंवा केंद्रात व्रण पक्का झाला आणि गळतीही शांत झाली, तर पुढचं प्रत्येक इंजेक्शन त्या माणसाला फक्त जोखीम आणि खर्च देतं. ब्रिटनच्या नेत्रतज्ज्ञांनी यासाठी ठोकताळेही ठरवले होते. आजारामुळेच नजर लागोपाठ दोन भेटींत १५ अक्षरांच्या खाली जाणं, किंवा सुरुवातीच्या वा सर्वोत्तम नजरेपेक्षा ३० अक्षरांनी घसरणं, हे त्यातले दोन. हा निर्णय घेण्याआधी मात्र काही गोष्टी तपासून झाल्या पाहिजेत. निदान बरोबर होतं ना? आशियाई लोकांत आढळणाऱ्या, रक्तवाहिनीला फुगे येणाऱ्या प्रकाराला वेगळी अँजिओग्राफी आणि काही वेळा प्रकाश-उपचाराची जोड लागते. इंजेक्शनं वेळच्या वेळी झाली होती ना? औषध बदलून पाहिलं का? नजर मोतीबिंदूमुळे तर उतरली नाही? या सगळ्याला उत्तर मिळालं असेल तर थांबणं हा चांगल्या डॉक्टरांचा प्रामाणिक सल्ला असतो. तो ऐकायला जड जातो हे मला माहीत आहे. दुसऱ्या रेटिना तज्ज्ञाचं मत घ्यावंसं वाटलं तर जुने सगळे स्कॅन सोबत न्या, फक्त शेवटचा नको, कारण उत्तर स्कॅनांच्या क्रमात असतं.

इंजेक्शनं नियमित घेऊनही काहींची नजर हळूहळू जाते, हेही खरं आहे. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतल्या काही लोकांना सातेक वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांनी सुरुवातीपेक्षा १५ किंवा जास्त अक्षरं गमावली होती, तर एक तृतीयांशाहून जास्त लोकांना अजूनही उपयोगी नजर होती. गळती आवरली तरी खालची झीज चालूच राहते. यात पेशंटचा दोष नसतो, घरच्यांचाही नाही.

डॉक्टर सांगत नाहीत, माणूस स्वतःच यायचा थांबतो, ते थांबणं सगळ्यात घातक. पैसे संपले. मुलाला रजा मिळेना. सिंधुदुर्गातून किंवा गडचिरोलीतून दर महिन्याला शहर गाठायचं म्हणजे दोन दिवस जातात. किंवा "फरक काहीच नाही, मग कशाला?" असं वाटलं. पण ओल्या प्रकारात नजर जशीच्या तशी राहणं हाच मोठा फरक असतो. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांची इंजेक्शनं चुकली त्यांतल्या अनेकांची नजर घसरली आणि नंतर औषध देऊनही ती पूर्ण परतली नाही. मधुमेहामुळे पडद्यावर नव्या वाहिन्या फुटलेल्या लोकांत तर अर्धवट सोडलेल्या इंजेक्शनांपेक्षा पूर्ण केलेलं लेझर जास्त सुरक्षित ठरतं. म्हणून येणं जमणार नसेल तर गप्प राहू नका, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. स्वस्त औषध, जास्त टिकणारं औषध, लेझर, जवळच्या गावात स्कॅन करून पाठवणं, काही ना काही मार्ग बहुतेक वेळा निघतो. तुमची अडचण कळली नाही तर डॉक्टर तुम्ही येणार असं धरूनच उपचार आखतात.

इंजेक्शन चालू असो वा बंद, एक गोष्ट कायम. इंजेक्शननंतर काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण फार कमी आहे, दर दोन-तीन हजार इंजेक्शनांत साधारण एखाद्याला, पण त्यात तासांनी फरक पडतो. नुसता लाल ठिपका आला आणि दुखत नसेल तर तो आपोआप जातो.

उपचार कायमचे थांबले म्हणजे दवाखान्याचा दरवाजा बंद झाला असं होऊ देऊ नका. दुसरा डोळा तपासत राहायचा असतो, कारण एकात ओला प्रकार झाला की दुसऱ्यातही तो होण्याची शक्यता वाढते. एक डोळा झाकून चौकटींचा कागद बघायचा, रोज नाही तर निदान आठवड्यातून काही वेळा, आणि रेषा वाकलेल्या दिसल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. ज्यांची मधली नजर गेली आहे त्यांच्यासाठी लो व्हिजन क्लिनिक असतं. मोठी भिंगं, अक्षर मोठं करणारे व्हिडिओ मॅग्निफायर, प्रखर दिवा, फोनवरचं वाचून दाखवणारं अ‍ॅप, आणि कडेच्या नजरेने वाचायचं प्रशिक्षण तिथे मिळतं. हा सल्ला स्वतःहून मागा, गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो. दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह नजर ठरावीक मर्यादेखाली असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढता येतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलं की समोर फुलांची नक्षी दिसते, अंगणात मुलं उभी दिसतात, तर त्याला वेड्यात काढू नका. नजर गेलेल्या अनेकांना असं दिसतं. मेंदूला डोळ्याकडून पुरेसं चित्र मिळत नाही तेव्हा तो स्वतः चित्रं रंगवतो. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. पुष्कळ लोक भीतीने हे कुणालाच सांगत नाहीत, म्हणून नजर कमी झालेल्या आपल्या माणसाला तुम्हीच विचारा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.